डोळे मिटलेला वर्ग

मास्तरांच्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या गोष्टीत त्याचा काडीइतकाही उपयोग होणार नाही.

जुन्या शाळेत गणिताच्या या मास्तरांनी जिन्याखाली नुसतं खाकरलं तरी वरच्या मजल्यावरचे वर्ग चिडीचूप होत. भलीभली द्वाड पोरं त्यांच्यापुढे चळाचळा कापत. दुसऱ्या कुणाचा वर्ग हाताबाहेर गेला की शिपाई यांनाच बोलवायला येई, आणि हे खुर्चीतून न उठता "कोण आहे रे तिकडे?" एवढंच विचारत. तेवढ्यानं भागत असे. मास्तरांना या आवाजाचा गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

मग मुलं कमी होत होत ती शाळाच बंद पडली, आणि मास्तरांना नवी नेमणूक मिळाली ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत.

आता यावर हसायचं असेल तर हसून घ्या. त्यांची बायको तर आठवडाभर हसत होती. "तिथं वापरायचा राहिलेला आवाज घरी आणून माझ्यावर काढू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. पण मास्तर कामाला चुकणारे नव्हते. त्यांनी खुणांच्या भाषेचं रीतसर शिक्षण घेतलं, रोज आरशापुढे उभं राहून बोटं वळवली. बोटं जाड आणि हट्टी होती. परीक्षेत ते पास झाले खरे, पण हातांचा तोतरेपणा काही गेला नाही.

नव्या शाळेत पहिली अडचण आली ती नावांची. इथल्या प्रत्येक मुलाला खुणेचं एक नाव होतं. कुणाचं कानाच्या पाळीपाशी, कुणाचं मनगटावर, कुणाचं हनुवटीखाली बोट फिरवून. पोरं ही नावं एकमेकांना अशी झरझर फेकत की मास्तरांचे डोळे मागे पडत, आणि स्वतः करायला जावं तर बोटांचा गुंता होई. मग त्यांनी गणिताच्या माणसाला सुचेल तोच उपाय काढला. जुन्या शाळेतही ते मुलांना हजेरीच्या नंबरानंच हाक मारत आले होते. सुट्टीच्या दिवशी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन ते शाळेत आले आणि प्रत्येक बाकावर एकेक आकडा रंगवून गेले. आकडे दाखवायला लागतात तेवढी बोटं त्यांच्याकडे होती.

पोरांना सुरुवातीला गंमत वाटली. सात नंबरवाला आठ नंबरवालीला चिडवू लागला, एक नंबरवाला उगाच छाती काढून बसू लागला. फक्त खिडकीजवळच्या नवव्या बाकावरची मुलगी हसली नाही. मास्तरांनी तिच्याकडे बघून खूण केली, 'नऊ, उभी राहा.' तिनं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि डोळे मिटले.

तुमच्या आमच्या शाळेत पोरं उलटं बोलतात, दप्तर आपटतात, फळ्याकडे पाठ करून बसतात. त्या सगळ्यावर मास्तरांकडे उतारा होता. पण इथं पोरीनं डोळे मिटले की बोलणंच खुंटलं. रागवायचं तरी कशानं आणि समजूत घालायची तरी कशानं? हात कितीही नाचवले तरी ते तिच्या पापण्यांच्या अलीकडेच राहणार.

मास्तरांनी दिवा चालू-बंद करून पाहिला. पाय आपटून पाहिला. त्या शाळेची जमीन मुद्दाम लाकडी ठेवली होती, म्हणजे हादरा पायांतून कळतो. सगळा वर्ग वळून बघे, ही सोडून. खांद्यावर टकटक केली तर ती डोळे उघडून 'तुम्हीच का' अशा नजरेनं बघे आणि पुन्हा मिटून घेई. पहिल्या बाकावर आणून बसवलं, तर पहिल्या बाकावर डोळे मिटले. वर्गाबाहेर उभं केलं, तर बाहेर डोळे टक्क उघडे ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याशी तासभर गप्पा झोडल्या.

"नाकी नऊ आणले म्हणतात ते असे," शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर म्हणाले. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

त्या आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं.

"सर, खिडकीजवळ बसते ना ती मुलगी, तिचा मामा शनिवारी येतोय. आईवडील नाहीत तिला, मामाच सांभाळतो. वसतिगृहात जागा कमी आहे आणि बाहेर रांग लागलीय. जे मूल शिकत नाही त्याची खाट दुसऱ्याला द्या, असं वरून सांगतायत. बाकी विषयांत तिचं ठीक आहे. अडलंय ते तुमच्या गणितापाशी. शनिवारी तुम्ही जे सांगाल ते धरून मी ठरवणार."

"आणि घरी गेली तर?"

"मामाची बेकरी आहे. पाव पिशवीत भरायला लावील. माणूस वाईट नाही हो, जीव लावतो. पण त्या घरात खुणांची भाषा एकालाही येत नाही. खायला मिळेल, ल्यायला मिळेल, बोलायला कुणी मिळणार नाही. जन्मभर."

मास्तर म्हणाले, "बाई, मला खोटं सांगता येणार नाही. माझ्या तासाला ती काहीच शिकलेली नाही."

"खोटं सांगा असं मी म्हटलेलंच नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

गुरुवारी मास्तर वर्गात शिरले ते आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं ठरवूनच. पोरीचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात नव्हतं. उलट तिच्या काळजीनंच त्यांचं डोकं तापलं होतं. ते थेट खिडकीजवळ गेले. खांद्यावर टकटक केली. ती बघते न बघते तोच तिच्या तोंडासमोर बोटं धरली: नऊ. तिनं डोळे मिटले. पुन्हा टकटक, पुन्हा नऊ. पुन्हा डोळे मिटले. तेव्हा मास्तरांचा तोल सुटला. तिची पापणी अंगठ्यानं वर उचलावी म्हणून त्यांनी हात पुढे केला.

हात पोचलाच नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलानं मास्तरांच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. त्याच्या मागच्या मुलीनं मिटले. मग तिच्या पलीकडच्यानं. रात्री गल्लीतल्या खिडक्यांचे दिवे एकेक करून मालवत जावेत, तसा अख्खा वर्ग त्यांच्यासमोर बंद होत गेला. छाती काढून बसणारा एक नंबरवाला सगळ्यांत शेवटी राहिला होता. त्यानं बिचाऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि घट्ट, अगदी नाक आक्रसून डोळे मिटून घेतले.

आणि मास्तर ओरडले. जिन्याखालचा, वरच्या मजल्याचा, इतक्या वर्षांचा साठवलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला. खिडकीची काच थरथरली. शिपाईकाका पाण्याचं भांडं घेऊन धावत आले, कुणाला फेफरं आलं की काय म्हणून.

"काय झालं, सर?"

वर्गात एकाचीही पापणी हलली नव्हती. मास्तरांना भीती वाटली, हे तर खरंच. पण त्या भीतीहूनही मोठं असं काहीतरी त्यांना वाटत होतं. एक बोट न हलवता या पोरांनी त्यांना वर्गाबाहेर काढलं होतं, आणि ते उभे मात्र वर्गातच होते. एवढी ताकद त्यांच्या आवाजात कधीच नव्हती.

"काही नाही," ते म्हणाले, आणि शिपाईकाकांच्या हातातलं पाणी पिऊन टाकलं.

संध्याकाळी घरी न जाता ते वसतिगृहाकडे वळले. मुलीबद्दल रेक्टरबाईंशी एकदा बोलावं, म्हणजे शनिवारी सांगताना मनाला टोचणार नाही, असा हिशेब. रेक्टरबाई लांब व्हरांड्यात बसून चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांना ऐकू येत होतं, पण इतकी वर्षं या मुलींत काढल्यामुळे त्या तोंडानं बोलतानाही मधूनमधून हात हलवत.

"बसा सर. पण जरा थांबा हं. नाव ठेवायचं चाललंय."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मुली गोल करून बसल्या होत्या. मधल्या खांबाला एक चिमुरडी मिठी मारून उभी होती. नुकतीच आलेली, शेंबडी, जेमतेम पाच वर्षांची. बाप इथं आणून सोडून गेल्यापासून तिनं दोघींचा चावा घेतला होता आणि ताटं भिरकावली होती ती वेगळीच.

"कुणी रागवलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"कुणाला रागवणार? ती म्हणजे कोण, हेच अजून ठरायचंय. आधी काही दिवस मुली नुसतं बघत राहतात. हसते कशी, चिडली की काय करते, ते. मग नाव."

"घरी नाव ठेवलं असेल की तिचं."

"ठेवलंय ना, छान नाव आहे. कागदावर आहे. पण तिला कुठं माहीत आहे ते?" रेक्टरबाईंनी चादर झटकली. "तिनं ते कधी ऐकलंय?"

हे मास्तरांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपल्याला एक नाव असतं, म्हणून कुणी हाक मारू शकतं, हेच मुळी ठाऊक नसलेलं मूल.

गोलातून एक मुलगी उठून चिमुरडीसमोर उकिडवी बसली. ती खिडकीजवळची मुलगीच होती. तिनं चमचा उचलला, चमच्याची खूण केली. पेला दाखवला, पाण्याची खूण केली. चिमुरडी गाल फुगवून रागानं बघत होती. मग मुलीनं बोट तिच्या छातीकडे रोखलं, आणि स्वतःचा एक गाल फुगवून त्यात बोट रुतवलं. पुन्हा चमचा. पुन्हा पाणी. पुन्हा ती, आणि फुगलेल्या गालात बोट. मग शेजारचीनं तेच केलं, मग तिच्या शेजारचीनं. बघता बघता सगळा गोल गाल फुगवून बसला आणि सगळ्यांची नजर त्या एकटीवर.

चिमुरडीनं खांब सोडला. तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ पोरांना गणित सुटताना पाहिलं होतं; कपाळावरची आठी जाते, डोळे जरा मोठे होतात. इथं तसंच झालं, पण सुटलं होतं ते फारच मोठं काहीतरी. चिमुरडीचं बोट हळूहळू वर आलं आणि तिच्याच फुगलेल्या गालात रुतलं.

पुढे तिला आवरणं अशक्य झालं. तिनं ते नाव खांबाला सांगितलं. चादरींना सांगितलं. धावत येऊन रेक्टरबाईंना सांगितलं आणि शेवटी मास्तरांसमोर उभी राहून गालात बोट खुपसलं: मी! आणि लगेच त्यांच्याकडे बोट केलं: तुम्ही?

मास्तरांनी हात वर उचलला. तो तसाच राहिला. सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. चिमुरडी वाट बघत होती. तिच्या पाठीमागून खिडकीजवळची मुलगीही बघत होती. मास्तरांची नजर तिच्या नजरेला भिडली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"हिचंही असंच झालं होतं," रेक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, जणू कुणी ऐकणार होतं. "सहा वर्षांची असताना आली. नुसती भुवया वर करून जगाकडे बघत राहायची. म्हणून तिचं हे." त्यांनी भुवईच्या टोकापासून दोन बोटं वर उडवली. "नाव मिळालं त्या रात्री झोपलीच नाही. अंथरुणात बसून स्वतःचं नाव घेत होती. आता नव्या मुलींना नाव देण्याचा मान तिचाच असतो. तुम्ही वर्गात काय म्हणता तिला?"

मास्तरांना खाली बघावंसं वाटलं, आणि त्यांनी खाली पाहिलं.

"नऊ," ते म्हणाले.

रेक्टरबाईंनी पुढची चादर घेतली.

शुक्रवारी मास्तर वर्गात आले ते खिशात घासकागद घेऊन. पोरं बसलेली होती आणि ते दारात दिसताच डोळे मिटले गेले. कालचा बेत आज पुढे चालू होता. मास्तरांनी ना दिवा लावला, ना पाय आपटला. पहिल्या बाकापाशी ते गुडघ्यांवर बसले आणि आकडा घासायला लागले.

रंग चांगला होता. स्वतःच निवडून आणलेला, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? लाकूड करकरत होतं, ते फक्त मास्तरांना ऐकू येत होतं. पण बाकावर टेकलेल्या कोपरांना, लाकडी जमिनीवरच्या तळपायांना त्याची थरथर पोचत होती. एक नंबरवाल्याला राहवलं नाही. त्यानं एक डोळा किलकिला केला, मग दोन्ही उघडले. मास्तर दुसऱ्या बाकाकडे सरकले, तेव्हा त्यानं शेजाऱ्याला ढोसलं. अंगठ्याचं सालपट निघालं, गुडघे बोलायला लागले, पांढरी भुकटी बाह्यांवर बसली. मास्तर थांबले नाहीत. ते नवव्या बाकाशी पोचेपर्यंत सगळा वर्ग टक्क उघडा होता, एकटी ती सोडून.

त्यांनी तिच्या बाकावरचा आकडा घासायला घेतला. तिचे तळहात बाकावर पालथे होते. थरथर तिच्या बोटांखाली सुरू झाली. कपाळावर आठी पडली. मास्तर घासत राहिले. नवाचा गोल गेला, शेपूट गेलं, खाली लाकडाचा स्वच्छ पिवळा रंग उघडा पडला. मग थरथर थांबली, आणि काय झालं म्हणून तिनं डोळे उघडले.

समोर गुडघ्यांवर बसलेले, भुकटीनं माखलेले मास्तर. बाकावर आकडा नाही. मास्तरांनी हात उचलला आणि आपल्या भुवईच्या टोकापासून दोन बोटं वर उडवली. बोटं नेहमीसारखीच जाड आणि हट्टी, खूण नको तिथे, जवळजवळ कानाशी झाली.

ती बघत राहिली. वर्गात एकही जण हलला नाही. पोरांनी डोळे मिटले तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, याहून मोठं काही आपल्याला दिसायचं नाही. आता ती एकटक त्यांच्याकडे बघत होती आणि ते बघणं त्याहून मोठं होतं. मग तिनं त्यांची दोन बोटं पकडली, कानापासून ओढून भुवईवर नीट ठेवली, आणि वर उडवून दाखवली. अशी. मास्तरांनी पुन्हा केली. तिनं मान हलवली, चालेल, अशा अर्थानं, आणि पाटी पुढे ओढली.

शनिवारी मामा आला. डोक्यावरचे केस गेलेले, हातांना भट्टीचे चटके, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेला. भाचीसाठी गोड बिस्किटांचं पुडकं आणलं होतं ते मांडीवर धरून होता. ती मोठ्या बाईंच्या टेबलाजवळ उभी होती.

"सर, खरं काय ते सांगा," मामा म्हणाला. "पोर शिकतेय का? नसेल शिकत तर मी नेतो. उगाच कुणाची जागा अडवायची नाही आपल्याला."

"इतके दिवस शिकत नव्हती," मास्तर म्हणाले. "त्यात दोष माझा होता. मी तिला नावानं हाक मारत नव्हतो. काल पहिल्यांदा मारली. मग तिनं तासभरात पाच गणितं केली."

"बरोबर?"

"तीन चुकली. पण डोळे उघडे ठेवून चुकली. मामा, तिला राहू द्या. गणित मी बघतो."

मोठ्या बाईंनी मुलीला खुणेनं विचारलं, 'राहायचंय ना?' तिचे हात भराभर चालू लागले. राहायचंय, परीक्षा द्यायचीय, नव्या छोटीला अजून जेवायला शिकवायचंय. आणि मध्येच तिनं मूठ वळून दुसऱ्या तळव्यावर जोरजोरात घासली. मास्तरांना ही खूण ठाऊक नव्हती. मोठ्या बाई हसायला लागल्या.

"सर, तुम्हाला नाव मिळालंय."

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. तिनं पुन्हा मूठ तळव्यावर घासली आणि त्यांच्याकडे बोट केलं. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल परत ठेवला आणि पुन्हा काढला. अंगठ्याचं सालपट अजून झोंबत होतं.

"नाव?" मामा गोंधळून म्हणाला. "कसलं नाव? हिला पण आहे का असं?"

"आहे की. लहान होती तेव्हापासून आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला कुणी सांगितलंच नाही," मामा म्हणाला. मग जरा वेळानं, "मीही कधी विचारलं नाही. आम्ही घरी टेबलावर थाप मारतो, की बघते ती." त्यानं बिस्किटांचं पुडकं टेबलावर ठेवलं. "काय आहे तिचं नाव?"

मास्तरांनी दाखवलं. आता ते बऱ्यापैकी जमत होतं.

मामानं चटक्यांनी कडक झालेला हात वर नेला. दोन बोटं काढायला त्याला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. बोटं भुवई सोडून गालाशी लागली, तिथून कशीबशी वर उडाली. खूण पार चुकली होती, पण होती तिचीच.

मुलगी जागच्या जागी थिजली. या शाळेत शेकडो हातांनी तिला हाक मारली होती. घरच्या हातावर आपलं नाव तिनं आजवर एकदाही पाहिलं नव्हतं. ती पुढे आली, मामाची दोन बोटं धरली आणि नीट भुवईवर ठेवली. मामानं पुन्हा केलं. मग पुन्हा. घंटेऐवजी असलेला पुढच्या तासाचा दिवा लागला आणि विझला, कुणी उठलं नाही. मामा तिचं नाव घेत होता आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती. तिनं डोळे मिटले नाहीत, भरून आले तरीही मिटले नाहीत.